तिला न ओळखणारी डूला

धाकटीची अट एकच होती. डूला तरुण असो, म्हातारी असो, बडबडी असो की मुखदुर्बळ, फक्त ती थोरलीला ओळखणारी नको.

"या शहरात?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय होती. "म्हणजे लिफ्टमध्ये शिरून जिना शोधण्यासारखं झालं."

"विनोद पुरे. फोन दे इकडे."

थोरली म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, आणि पेशाने डूला. डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. कळा सुरू झाल्या की बाईजवळ जायचं, कंबर दाबायची, श्वास कसा घ्यायचा ते सांगायचं, घाबरलेल्या नवऱ्याला काहीतरी आणायला पिटाळायचं, आणि बाळ बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं ते काम. बाळ घरी आलं की पुढे काही दिवस जाऊन बाळंतिणीला चार घटका झोपू द्यायचं. शहरातल्या निम्म्या डूला थोरलीच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि उरलेल्या तिच्याशी भांडून बाहेर पडल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या दुपारी दवाखान्याच्या खाटेवरून तिने थोरलीला फोन लावला. थोरली दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणात होती. "मला आत्ता निघता येत नाही," एवढं बोलून तिने फोन ठेवला. आली ती दुसऱ्या दिवशी. धाकटीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या टेबलावर, थोरलीला नीट ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "आमच्या ताईला सख्ख्यांसाठी सवड नसते. ती परक्यांच्या पोरांवर पोट भरते." थोरली भरलं ताट टाकून उठली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. माणसाची माया दमते, कधी झोपीही जाते. राग मात्र मोठा निष्ठावंत. आपण डोळे उघडायच्या आधीच तो उशाशी येऊन बसलेला असतो.

पहिल्या डूलाने फोन उचलला आणि दोन वाक्यांतच चीत्कारली, "अय्या, तुमचा आवाज अगदी आमच्या मॅडमसारखा आहे हो! नात्यातल्या का?"

धाकटीने फोन कापला.

दुसरी म्हणाली, "तुम्ही त्यांच्याच बहीण ना? मग मला कशाला विचारताय? उद्या त्या मला विचारतील, माझ्या घरात शिरलीस कशी म्हणून."

"मी कोणाच्या घरातली नाही," धाकटी म्हणाली आणि तोही फोन कापला.

तिसरीने थोरलीचं नाव निघताच तिचा असा उद्धार केला, की धाकटीला क्षणभर बरं वाटलं. पण मग कोण जाणे कसं, तिलाच राग आला. "तुम्ही स्वतःपुरतं बोला," ती म्हणाली. नवरा भांडी पुसत होता. तो हसला, पण पाठ करून हसला.

आईला हे कळलंच. आईला कळायला फार वेळ लागत नसे.

"गावभर डूला शोधत हिंडतेस म्हणे," ती फोनवर म्हणाली. "लोक काय म्हणतील? सख्खी बहीण तेच काम करते."

"म्हणून तर शोधतेय."

"अगं, ती काय वाईट आहे का?"

"आई, तू तिची बाजू घ्यायला फोन केलास की माझी तब्येत विचारायला?"

"तब्येत तुझी ठणठणीत आहे, आवाजावरून कळतंय," आई म्हणाली. "डोकं ठिकाणावर नाही."

शेवटी एक सापडली. ती याच वर्षी दुसऱ्या शहरातून आलेली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन राहत होती. जिन्यात ग्रीसचा वास होता आणि खोलीत कळांच्या वेळी बसायचा एक मोठा रबरी चेंडू, कापडी बाहुली नि पुठ्ठ्याच्या न उघडलेल्या पेट्या. धाकटीने मनातल्या मनात तिचं नाव नवखी ठेवलं. नवखी मोजकं बोलायची. दुखणं कितपत सोसवतं, कशाची भीती वाटते, खोलीत कोण हवं, कोण नको, सगळं तिने विचारलं.

"कोण नको ते विचारू नका," नवरा पुटपुटला.

"एक सांगते," नवखी म्हणाली. "दोन बाळंतपणं एकाच दिवशी येऊ शकतात. म्हणून आम्ही प्रत्येकीमागे एक बदली ठेवतो. मी अडकले तर ती येते. माझी बदली अजून ठरायची आहे. ठरली की भेटवते तुम्हाला. एकदा भेटून घेतलेलं बरं असतं."

"नको नको," धाकटी घाईने म्हणाली. आणखी एका डूलाला भेटायचं, म्हणजे आणखी एकदा "तुम्ही त्यांच्या बहीण ना" ऐकायचं. "तुम्हीच याल. बदलीची वेळ येणार नाही."

आता पाहा, माणूस दार-खिडक्यांना कड्या लावत बसतो आणि एक झरोका आपल्याच हाताने उघडा ठेवतो. नवखीने पुढे एकदा पुन्हा विचारलं. धाकटी पुन्हा नको म्हणाली.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवस भरत आले होते तेव्हा, एके दुपारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काड्या गरम करून ती वाकवत होती. "वर बघा. कानामागे टोचतंय?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात तिच्या अंगावरून पाणी गेलं. गिऱ्हाईक गोंधळून म्हणालं, "डावीकडे जरा टोचतंय." तिने आधी डावी काडी नीट करून दिली आणि मग नवऱ्याला फोन लावला.

दवाखान्याच्या खोलीत दोन खिडक्या होत्या, एक उघडत नव्हती. नवरा नवखीशी फोनवर बोलून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ती दुसरीकडे अडकलीय. सकाळपासून. बदली निघाली म्हणाली."

"कोण बदली?"

"ते मी विचारलं नाही."

"तू काय विचारतोस कधी!"

पहिली मोठी कळ ओसरत होती तेव्हा दार उघडलं. थोरली आत आली. खांद्याला पिशवी, काखेत चेंडू, चपलांवर चढवलेल्या दवाखान्यातल्या निळ्या पिशव्या.

नवरा भिंतीवरची सूचना वाचू लागला.

"बाहेर हो," धाकटी म्हणाली.

"होते. बाई नको म्हणाली की जायचं, हा आमचा नियमच आहे." थोरलीने चेंडू खाली ठेवला नाही. "पण माझ्यामागे दुसरी कोणी मोकळी नाही. मी गेले की हा एकटा राहील. इंजेक्शनची सुई बघून आडवा झाला होता ना गेल्या वेळी?"

"बसलो होतो फक्त," नवरा म्हणाला.

"तुला माहीत होतं इथे मीच आहे ते?" धाकटीने विचारलं.

"महिन्यापासून. तुझ्या डूलाने मला विचारलं, मी हो म्हटलं. तुला भेटवते म्हणाली होती. तूच नको म्हणालीस."

"मग कळवलं का नाहीस?"

"कसं कळवणार? परक्यांच्या पोरांवर पोट भरणारीने?"

नर्स रक्तदाब घ्यायला आली होती. तिने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "बहिणी ना? वाटलंच. एवढं वाईट परकी माणसं बोलत नाहीत. मी जरा वेळाने रक्तदाब घेते. आत्ता खरा आकडा येणार नाही."

पुढची कळ आली. धाकटीने खाटेची दांडी धरली आणि ओरडली. कळ गेल्यावर घामेजल्या तोंडाने म्हणाली, "थांब. पण परकी म्हणून थांब. ताई नाही, धाकटी नाही. मला तुम्ही म्हणायचं."

"बरं." थोरलीने पिशवी ठेवली आणि हात धुतले. "तुम्ही डाव्या कुशीवर वळता का?"

"वळते."

"दात कशाला खाताय? जबडा सैल सोडा. अहो, तुम्ही लिफ्टवाले, तिथे नुसते उभे नका राहू, एक पंचा ओला करून आणा."

थोरलीचं काम मोठं नेकीचं, हे वैऱ्यालाही कबूल करावं लागलं असतं. ती तळहाताच्या टाचेने कंबरेत नेमकी तिथेच दाबायची जिथे दुखत होतं, कळेबरोबर दाब वाढवायची, कळेबरोबर सोडायची. बोलणं कमी. धाकटीला ते हात नको होते, आणि ते काढले की तिचा जीव जात होता. हा दुहेरी छळ तिने बराच वेळ सोसला.

नवरा चहा प्यायला गेला तशी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी का नाही आलीस?"

"तुम्ही आधी श्वास..."

"खड्ड्यात गेलं तुमचं तुम्ही! का नाही आलीस?"

थोरलीचे हात थांबले नाहीत. "तिला कळा येऊन रात्र उलटली होती. आत कोणी नव्हतं तिचं. नवरा नाही, आई नाही. तुझ्याजवळ दोघं होते."

"मला ते दोघं नको होते. मला तू हवी होतीस."

"माहीत आहे मला."

"मग चुकलं म्हण. एकदा म्हण."

"नाही म्हणणार," थोरली म्हणाली. "मी खोलीबाहेर येऊन रडले, तोंड धुतलं आणि परत आत गेले. उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा तेच करीन. तू मला पुन्हा लग्नात सगळ्यांसमोर बोल. पण अर्ध्यावर सोडून मी येणार नाही."

"दगड आहेस तू."

"असेन. कळ येतेय. खांदे सोड."

कळा आता एकीला लागून एक येऊ लागल्या. धाकटीला उभं राहावंसं वाटलं. थोरलीने तिला उठवलं, तिचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घालून घेतले आणि तिचा सगळा भार अंगावर घेतला. दोघी अशा हळूहळू झुलत होत्या, जणू एकमेकींचा गळाच धरला आहे. तेवढ्यात दारात नवखी उभी राहिली. केस विस्कटलेले, धाप लागलेली.

"झालं तिकडचं. धावतच आले. मॅडम, तुम्ही निघा आता, मी घेते." मग धाकटीकडे वळून ती अपराधी स्वरात म्हणाली, "सॉरी हं. आता मी आहे."

खरं तर रीत तीच होती. जिला ठरवलं ती आली की बदलीने निघायचं. थोरलीने गळ्यातले हात सोडवायला वर हात नेला. "जाते मी. ही चांगली आहे. मला न ओळखणारी शोधायला गेलीस, पण बाई बरी सापडली तुला."

धाकटीची मिठी सुटेना. उलट बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतली.

"सोड ना," थोरली म्हणाली.

"नाही."

"अगं, तिला तूच ठरवलंयस."

"तिला जा म्हणावं." धाकटीचे दात थोरलीच्या खांद्यात रुतले होते. शब्द कापडातून आले. "तू हललीस इथून तर बघ. जीव घेईन तुझा. मला सोडून कुठे जायचं नाही, कळलं? कोणी मरत असलं तरी जायचं नाही."

हे बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. थोरली झुलत राहिली. नवखीने दोघींकडे पाहिलं, चहा पिऊन परतलेल्या नवऱ्याच्या हातात पंचा दिला आणि दार ओढून घेतलं.

मुलगा झाला. देवाच्या दयेने रडला, तोही आल्या आल्या, घरातल्या सगळ्यांवर रागावल्यासारखा. नवरा यावेळी उभा राहिला, भिंतीला टेकून का होईना. मग आईला कळवायला बाहेर गेला. थोरली चेंडूतली हवा सोडत खाली बसली होती. सूंऽ आवाज खोलीभर चालला होता.

"मी तुला माफ केलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"नको करू. मीही ते लग्न विसरलेले नाही." थोरलीने चेंडूवर गुडघा दाबला. "बाळाचं डोकं जरा वर घे. असं."

धाकटीने डोकं वर घेतलं. बाळाने एकदोनदा चुकवलं आणि मग तोंड लावलं.

"तिला काय झालं होतं? त्या दिवशीच्या त्या बाईला?"

"मुलगी."

"आहे नीट?"

"आहे. धावते आता. फार उर्मट आहे."

"कोण गं ती? कुठे राहते?"

"ते नाही सांगणार. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही, हा आमचा..."

"मरो तुझा नियम," धाकटी म्हणाली, आणि बाळासकट खाटेवर भिंतीच्या बाजूला सरकली. "बस इथे. आणि ते फुसफुसणं आधी बंद कर."