शिंगाची डावी बाजू

टॅमरॅक खोऱ्यात कुणालाही विचारा, शिकार कशासाठी करतोस? तो म्हणेल, "मांसासाठी." चर्चमध्ये विचारा, शपथेवर विचारा, मरणाच्या दारात विचारा, उत्तर बदलत नाही. तरीही विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात कुणी हरणाचं मांस भिंतीला टांगलेलं ऐकिवात नाही. भिंतीवर असतात ती शिंगं.

मायलो हेगलंडही मांसासाठीच शिकार करायचा. वय चौपन्न, धंदा दुधाचा टँकर चालवण्याचा. गेल्या वर्षीचं मांस त्याच्या फ्रीजरमध्ये अजून तसंच पडून होतं. त्या मांसाखाली वाटाण्याच्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, एक शिंग होतं. मार्चमध्ये हरणं शिंगं गाळतात, तेव्हा ते त्याला ओढ्याकाठी सापडलं होतं. डावं. बुडाशी मनगटाएवढं जाड, वर सहा फाटे.

"शिंग गोठवून काय होतं?" त्याच्या बायकोनं, जोलीननं, विचारलं होतं. "ताजं राहतं का?"

"चोरीला जात नाही."

"आपल्या घरात चोर कोण आहे?"

मायलो तेव्हापासून या प्रश्नावर विचार करत होता. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात जोलीननं त्याचं काहीएक चोरलं नव्हतं. पण नेमकं म्हणूनच तिच्यावर कुणाला संशय येणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

ज्या नराचं ते शिंग होतं त्याचं नाव त्यानं बिशप ठेवलं होतं. ओकच्या झाडाला बांधलेल्या, हालचाल झाली की आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यानं तीन वर्षांत बिशपचे एकेचाळीस फोटो काढले होते आणि एकेचाळीसांतही डावी बाजू होती. बिशप रोज संध्याकाळी त्याच वाटेनं टेकडी उतरायचा. सकाळी वर जाताना मात्र तो कुंपणापलीकडून, शेजाऱ्याच्या रानातून जायचा. शेजारी म्हणजे डुएन सोबोटा. चाळीस गायी, एक म्हातारं कुत्रं आणि मायलोसोबत पहिलीपासूनची शाळा.

एक शिंग हाती आलं की दुप्पट करायची आणि मधलं अंतर मिळवायचं, हा हिशेब त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही येतो. मायलोनं फीत लावून तो नऊ वेळा केला होता. डावं त्र्याऐंशी इंच, दुप्पट केली की एकशे सहासष्ट, मधलं अंतर अठरा. एकशे चौऱ्याऐंशी.

फर्नच्या गुत्त्यात, बिअरच्या फ्रीजवरच्या कोपऱ्यात, सर्वांत मोठ्या शिंगांसाठी राखलेल्या मानाच्या खिळ्यावर जे डोकं टांगलेलं होतं त्याच्या पितळी पट्टीवर आकडा होता एकशे एकाहत्तर. खाली नाव होतं आर्विड हेगलंड. मायलोचा बाप.

ते डोकं तिथे एकतीस वर्षं होतं. त्याची मान दाराकडे वळलेली, डावं शिंग गिऱ्हाइकांवर छत्र धरल्यासारखं पसरलेलं. उजवी बाजू कोपऱ्यात, आणि तिच्यावर आर्विडची नारिंगी कानटोपी अडकवलेली. ती त्यानं स्वतःच पहिल्या दिवशी अडकवली होती. तो जाऊन बावीस वर्षं झाली तरी कुणी ती काढली नव्हती. आदर म्हणून. मायलोला मात्र त्या टोपीबद्दलही शंका होती. एका वर्षी तिचं कानपट्टं पुढे असायचं, पुढच्या वर्षी मागे. तो उंदरांवर संशय घेऊन होता, आणि त्यांच्या खालोखाल डुएनवर.

पण शिकारीमागची खरी गोष्ट निराळीच होती. आर्विड जिवंत होता तोवर मायलोनं मारून आणलेलं प्रत्येक हरीण त्याला दाखवलं होतं. म्हातारा खुर्चीतून उठायचा नाही. खिडकीतून बघायचा, हवेत दोन बोटांनी काहीतरी मापायचा आणि म्हणायचा, "चांगला आहे. मांसाला."

एवढंच. दरवर्षी. एकशे चौऱ्याऐंशीचा आकडा त्या पितळी पट्टीवर चढेल तेव्हाच हे वाक्य कानातून निघेल, असं मायलोनं ठरवून टाकलं होतं. जोलीनलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, मांस.

हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फर्नकडे सगळं खोरं मासे खायला जमलं. डुएन ताट घेऊन मायलोशेजारी येऊन बसला.

"काय मायलो, काही दिसलं का यंदा?"

"काही नाही. दोन-तीन माद्या. तुला?"

"एक टुकार नर आहे. शिंग म्हणजे अक्षरशः चमचा. मी त्याचं नावच चमच्या ठेवलंय. दिसला तर पाडतो, सॉसेज तरी होतील." डुएननं माशावर लिंबू पिळलं. "तुझ्या बाजूला आला तर तू पाड. माझी काही हरकत नाही."

मायलोचा घास तोंडातच राहिला. शुद्धीवर असलेला कुठलाही माणूस हंगामाच्या आदल्या दिवशी आपल्या रानातल्या हरणाबद्दल असं सरळ बोलत नाही. म्हणजे हे खोटं होतं. आणि मंगळवारी टँकर घेऊन तो डुएनच्या आवारात गेला तेव्हा कुत्रं बोटभर शिंग चघळत बसलं होतं. अगदी समोर, रस्त्याच्या तोंडाशी. आता त्याच्या लक्षात आलं. ते शिंग तिथे ठेवलेलं होतं. त्याला दिसावं म्हणून. कदाचित कुत्रंही.

"आभारी आहे," तो म्हणाला.

डुएननं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मायलोनं आजवर त्याचे आभार मानले नव्हते. त्याच्याही मनात पाल चुकचुकली असावी, कारण तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

शनिवारी पहाटेपासून मायलो मचाणावर होता. थंडीनं नाक गळत होतं. समोरच्या उतारावर, कुंपणापलीकडे, डुएनच्या नारिंगी शिकारी कोटाचा ठिपका दिसत होता. मायलोनं दुर्बीण लावली. डुएनही दुर्बीण लावून मायलोकडेच बघत होता. दोघांनी एकमेकांना हात केला. हात केल्यावर दुर्बीण खाली ठेवणं सभ्यपणाचं असतं. कुणीच ठेवली नाही. तासभर त्या दोन टेकड्यांमधून हत्ती गेला असता तरी दोघांना कळलं नसतं.

पावणेनऊला फांदी मोडल्याचा आवाज झाला आणि मायलोनं मान वळवली. खाली, साठ पावलांवर, सकाळची नेहमीची वाट सोडून बिशप उभा होता. डावी बाजू. फोटोंत होता त्याहून मोठा. त्या शिंगाकडे बघताना मायलोच्या डोक्यात बाप आला, पितळी पट्टी आली, ती पट्टी बदलायचा फर्नचा स्क्रूड्रायव्हर आला. मांस आलं नाही.

गोळी बसली. बिशप चार उड्या मारून पडला.

मायलो खाली उतरला, मेलाय ना याची खात्री करायला डोळ्याला काटकी लावून पाहिली, मग टोपी काढून जरा वेळ नुसता उभा राहिला. बिशप उजव्या कुशीवर पडला होता. मायलोनं दोन्ही हातांनी ते डावं शिंग धरलं, मान उचलली आणि वळवली.

उजव्या बाजूला चमचा होता.

सहा इंच. फाटा नाही, वळण नाही. मागचा डावा पाय पूर्वी कधीतरी मोडून वाकडाच जुळलेला होता. पाय मोडला की उलट्या बाजूचं शिंग खुंटतं, हे मायलोला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की एकेचाळीस फोटो एकाच बाजूनं काढणारा माणूस गाढव असतो. नियम असा, की दोन बाजूंत जेवढा फरक तेवढा वजा. त्यानं तिथेच बर्फावर काटकीनं हिशेब केला. त्र्याऐंशी अधिक सहा अधिक अठरा, वजा सत्त्याहत्तर. उरले तीस.

बुटानं त्यानं हिशेब पुसला आणि इकडेतिकडे पाहिलं. डुएनचा ठिपका जागेवर नव्हता.

दुपारी सगळे आपापली हरणं घेऊन फर्नच्या आवारात येतात, तसा मायलोही आला. पण त्यानं पिकअप उभी करायला सात मिनिटं घेतली. मागे, पुढे, परत मागे. शेवटी ती गॅसच्या मोठ्या टाकीला अशी चिकटवली, की दारातून येणाऱ्याला फक्त डावी बाजू दिसावी. डोकं त्यानं दोरीनं उभं बांधलं होतं.

माणसं जमली. एकानं टोपी मागे सारली. गुत्त्याची मालकीण फर्न, वय पंचाहत्तर, फीत घेऊन बाहेर आली.

"आर्विडचा पोरगा अखेर बापाच्या वर गेला वाटतं," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर आणा रे आतून कुणीतरी."

आणि तेवढ्यात डुएन टाकीच्या नि गाडीच्या सांदीत शिरला. पोट आत ओढून, कडेकडेनं. डुएन पलीकडून बराच वेळ बघत राहिला.

"चमच्या," तो हळूच म्हणाला.

"काय?" फर्ननं विचारलं.

"काही नाही. ओळखीचा आहे." डुएन तसाच कडेकडेनं बाहेर आला. "फर्न, डावी मोज आणि दुप्पट कर. एवढ्या थंडीत दोन्ही कुठे मोजत बसतेस?"

फर्ननं मोजलं, मधलं अंतर अंदाजानं मिळवलं. "एकशे चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी मायलोच्या पाठीत थाप घातली. मायलोनं डुएनची बाही धरली आणि त्याला बाजूला घेतलं.

"काय पाहिजे तुला?"

"मला? काही नाही."

"तू पाहिलंस."

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीस? दुधाचा काही विषय आहे का? फॅटचा?"

"अरे, फॅट कुठे मधेच. आर्विडचंही असंच मोजलं होतं, म्हणून म्हटलं..." डुएन थांबला. आपल्या बुटांकडे पाहू लागला. पाय भलतीकडेच पडल्यावर माणूस बघतो, तसा.

"कसं मोजलं होतं?"

"जा आत," डुएन म्हणाला. "टोपी उचल."

गुत्त्यात कुणी नव्हतं. सगळे बाहेर बिशपची डावी बाजू बघत होते. मायलो बारच्या स्टुलावर चढला. बापाच्या हरणाच्या नाकावर धूळ होती, कानांत धूळ होती, काचेच्या डोळ्यांवर धूळ होती. टोपीवर नव्हती. त्यानं टोपी उचलली.

खाली बोटभर खुंट होता. आणि तो खुंट चकाकत होता. एकतीस वर्षं माणसांची बोटं फिरून फिरून, जिन्याच्या कठड्याला येते तशी चमक त्याला आली होती.

"तूच तेवढा राहिला होतास," मागून फर्न म्हणाली.

"किती जणांना माहीत आहे?"

"मी कुणाला सांगितलं नाही बाबा. पण टोपी आहे म्हटल्यावर माणूस खाली हात घालणारच. इथली माणसं संशयी आहेत."

"आणि कुणी बोललं नाही?"

"काय बोलायचं? म्हातारा दर शुक्रवारी यायचा, टोपी नीट करायचा आणि खालीच बसून मासे खायचा. तो उठला की लोक हात घालायचे."

मायलो स्टुलावरच उभा राहिला. बाप दर शुक्रवारी त्या डोक्याखाली बसायचा, तो तोऱ्यात, असं त्याला वाटायचं. तो तर पहारा होता. दुसऱ्याची शिंगं दिसली की हवेत दोन बोटांनी मापणारा माणूस शेवटपर्यंत टोपी राखत बसला होता, आणि ज्यांच्यापासून राखत होता ते सगळे आधीच हात घालून गेले होते.

दार उघडलं. लोक आत आले, डुएन सर्वांत शेवटी. कुणाच्या तरी हातात स्क्रूड्रायव्हर होता. फर्ननं खडू घेतला आणि हंगामाच्या फळ्यावर मायलोचं नाव लिहिलं.

"तुझं वर चढवायचं तर याला उतरवावं लागेल," ती म्हणाली. "आणि टोपी तुझ्याकडे. आकडा लिहू ना, एकशे चौऱ्याऐंशी?"

मायलोनं टोपी परत खुंटावर ठेवली. कानपट्टं पुढे घेतलं. मग मागे घेतलं. शेवटी मधोमध.

"मांस लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"मांस. दीडशे पौंड."

त्या फळ्यावर आजवर कुणी मांस लिहिलं नव्हतं. फर्ननं लिहिलं, आणि शब्द बरोबर आहे की नाही ते दोनदा पाहिलं.

"चांगला आहे," मायलो म्हणाला. "मांसाला." हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तेव्हा ते वाटलं होतं तेवढं वाईट लागलं नाही.

बाहेर पडताना त्याला मागून डुएनचा आवाज ऐकू आला. तो दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होता, "याला नक्की याहून मोठा दिसलाय. एकशे चौऱ्याऐंशी कोण सोडतं? काहीतरी आहे त्याच्या रानात."

सोमवारी मायलो दूध घ्यायला डुएनच्या आवारात शिरला तर कुंपणाच्या खांबावर नवाकोरा कॅमेरा बांधलेला होता. रानाकडे नाही, टँकर उभा राहतो त्या जागेकडे तोंड करून. मायलोनं त्याला हात केला. मग जरा विचार करून मान वळवली, आणि नळी जोडून होईपर्यंत त्याला फक्त डावी बाजू दाखवत उभा राहिला.