मंगळ पाहिलेला ॲन्टेना

मी निपाणीतल्या सोनुबाईंच्या गच्चीवरचा ॲन्टेना बोलतोय. ऐन उमेदीतही मी स्वच्छ असं कधी बोललो नाही. कन्नड बातम्या असोत की मराठी, पडद्यावर सारख्याच मुंग्या दाखवल्या. सीमाभागात इतका निःपक्षपाती दुसरा कोण सापडणार?

केबल आली आणि मी कावळ्यांचा झालो. गेल्या महिन्यात सोनुबाईंच्या लेकीनं, मैत्रीनं, भंगारवाल्याला माझ्यासाठी सांगूनही ठेवलं.

मैत्री शाळेत विज्ञान शिकवते. त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं तिला विचारलं, दुर्बीण नसताना जुन्या लोकांना ग्रह ओळखू कसे आले? ग्रह ताऱ्यांमधून सरकतात, एवढं पुस्तकात होतं. पण मैत्रीनं ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जेवताना तिनं आईला सांगितलं. सोनुबाई शाळेची पायरी न चढलेल्या. उभा जन्म तंबाखूच्या शेतात मजुरी केली. त्या म्हणाल्या, वर चल.

सोनुबाई गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसल्या. तिथून माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या दांडीच्या टोकावर एकेक तारा आला, आणि दोघांच्या मधे, दुसरीवर, तांबडा मंगळ. मैत्रीनं वहीत टिपून घेतलं. माझी छाती उगाच फुगली.

मग रोज जेवण झालं की दोघी वर, त्याच जागी. ते दोन तारे दर दिवशी थोडे लवकर यायचे, पण आपापल्या दांडीवरच. विसाव्या दिवशी मंगळ थेट चौथीवर. मैत्री म्हणाली, ॲन्टेना वाऱ्यानं फिरला असेल. संशय रास्तच होता. क्रिकेटच्या एकेका सामन्याला मी तीनदा फिरलेला आहे.

"त्यो फिरला असता तर ती दोन बी हलली असती," सोनुबाई म्हणाल्या. "एकटा तांबडाच सरकलाय. जागा सोडतोय, त्यो ग्रह."

मैत्रीनं वहीतली पहिल्या दिवसाची नोंद काढून ताडून पाहिली. मग तिनं विचारलं, हे कुठं शिकलीस? तंबाखूच्या राखणीला जागताना म्हाताऱ्या बायका दाखवायच्या, असं त्यांनी सांगितलं.

"मला कधी बोलली न्हाईस, आई."

"तू शिकल्याली. तुला काय सांगायचं, म्हटलं."

सोमवारी मैत्री आईला वर्गात घेऊन गेली. आईनं शिकवलं आणि मैत्री मुलींच्या बाकावर बसून ऐकत होती. संध्याकाळी भंगारवाला आला, त्याला तिनं चहा पाजून परत धाडलं.

मला कुणी शाळेत नेलं नाही. बरंच झालं. आजवर धड जमलेलं माझं एकच काम म्हणजे जागेवर उभं राहणं. तेवढं मला करू द्या.