वज्रेश्वरीच्या जत्रेतला मुक्काम

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. इतकी वर्षं धुतली गेले की माझे निळे आणि विटकरी पट्टे आता एकाच रंगाचे दिसतात. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट वाढत होता, तेव्हा एका म्हाताऱ्या विणकराने मला हातमागावर विणलं. पंढरी नावाच्या लूम कामगाराने मला घरी आणलं. त्याची बायको चंद्रा आल्यागेल्याला सांगायची, "हात लावून बघा, कशी घट्ट विणलीय." ते ऐकून मी सुखावायची.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पंढरीला सुट्टी मिळाली. हौसा आणि मोरू या त्याच्या पोरांना वज्रेश्वरीच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसायचं होतं, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायची होती. मला सुतळीने बांधून सगळे एसटीने निघाले.

पण उतरायचं कुठे? धर्मशाळा भरून गेल्या होत्या. लॉजचा दर ऐकून पंढरी मागे फिरला. मोरू तर आईच्या खांद्यावर झोपून गेला होता. तेवढ्यात एक हसतमुख माणूस पुढे आला. "माझं घर रिकामं आहे," तो म्हणाला, "परवडेल ते द्या." गावाच्या टोकाला नेऊन त्याने एका घराचं कुलूप उघडलं. "भांडीकुंडी वापरा खुशाल," असं सांगून पैसे घेतले आणि तो गेला.

मला ओसरीवर अंथरलं. चंद्राने चूल पेटवून भात टाकला. दिवेलागणीला दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर बांगड्यांची पाटी. ती आम्हा सगळ्यांकडे बघतच राहिली.

"कोन हाव तुमी? माज्या घरात कसे शिरलाव?"

चंद्राच्या हातातली पळी खाली पडली. ती घराची मालकीण होती, रंगूबाई. पंढरी हात जोडून सांगू लागला, पण शब्द अडखळत होते. आवाज ऐकून शेजारचा काळूराम माणसं घेऊन अंगणात आला. "चोर हायत, बांधा याला," कोणीतरी म्हणालं. पंढरीची गचांडी धरून त्याला अंगणात ओढलं. मोरू दचकून जागा झाला आणि मला घट्ट धरून बसला. त्या घरात अंग पसरलेल्या मलाही लाज वाटली.

रंगूबाई हौसाजवळ उकिडवी बसली. "बाय, कुलूप कोनी खोललं?"

"एका काकांनी," हौसा हळूच म्हणाली. "त्यांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती."

रंगूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठून दारात गेली.

"काळूराम, सोड त्याना. पावनं हायत माजं. मीच किल्ली धाडलीवती, इसारले."

माणसं कुजबुजत पांगली. पंढरी आत येऊन सामान गोळा करू लागला. "मावशी, आम्ही निघतो."

"कंय जाल पोरांना घेवून? पोरी, भात लागंल, उतरव."

मग ती माझ्यावर येऊन बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. "माजा धाकटा भाऊ हाय तो, अनंता. आय गेल्यावर मीच वाढवला. भूक लागंल तवा येवून जेवावं, म्हनून किल्ली दिलीवती."

सकाळी पोरं आकाशपाळण्यात बसून आली. सगळे जेवायला बसले असताना अनंता दाराशी आला. आत आम्हाला बघून तो जागीच थिजला. रंगूबाईने नुसता हात पुढे केला. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने ती कनवटीला लावली आणि त्याच्यापुढे ताट वाढलं. मान खाली घालून तो जेवला.

नंतर पंढरीच्या घरी खाट आली, गाद्या आल्या. मी माळ्यावर गेले. माझी एक कड उंदरांनी कुरतडली आहे.

मित्रांनो, घरातली जुनी सतरंजी अधूनमधून झटका, तिला ऊन दाखवा, कोरड्या जागी ठेवा. आणि दारात अडलेलं माणूस उभं असेल तर त्याला आधी तिच्यावर बसवा. कोण, कुठलं, ते मग विचारा.