कोणासारखी आहे?

"जवाईबापू, तुमी इथं बसा," म्हणत शकुबाईंनी दवाखान्यातली एकुलती एक खुर्ची पदराने पुसली आणि कपिलपुढे सरकवली.

कपिल बसला नाही. सासूला तो मामी म्हणत असे. "मामी, निकिता कशी हाये ते सांगा."

"बरी हाये. पयल्या खेपेला थोडं होतेच. चहा आनू का?"

पहिलं बाळंतपण म्हणून निकिता सातव्या महिन्यात माहेरी, फुलसावंगीला आली होती. कपिल दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. सुटीच्या दिवशी यायचा, गोडधोड खायचा आणि परत जायचा. घरातलं दुखणंखुपणं जावयाच्या कानावर घालायचं नाही, ही त्या घराची रीत. आज सकाळीही फोनवर एवढंच सांगितलं, की कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात नेतो, सावकाश या.

आतून नर्स आली. "नवरा कोण? तुम्ही? पायांवर एवढी सूज, डोकं दुखतंय, आणि कोणी दाखवलं नाही?"

कपिलने सासूकडे पाहिलं.

"तीन-चार रोज झाले," शकुबाई खाली पाहत म्हणाल्या. "तिनंच म्हनलं, तिकडं सांगू नका. आन जवाईले कायले तरास द्याचा..."

"मी काय पाव्हना हावो का, मामी?"

नर्सने मध्येच थांबवलं. बीपी फार वाढला होता. इथे जमणार नव्हतं, यवतमाळला न्यायला हवं होतं. गाडी दाराशी उभी होती. सोबत एकच माणूस.

शकुबाई बाळाच्या कपड्यांचं बोचकं घेऊन निघाल्या, तसा कपिल आडवा आला. "मी जातो."

"बाप्पा! तिथं बाईमाणूस लागते. तुमी काय करसान?"

"मले नाही माहीत. पन मीच जातो. तुमी बसनं या." त्याने बोचकं त्यांच्या हातातून घेतलं आणि गाडीत चढला.

भर दुपारची वेळ. निकिता कुशीवर पडली होती, हाताला सलाईन. त्याला पाहून म्हणाली, "तुमी कायले आले? कामावर खाडा झाला असन."

"होऊ दे."

"आई कोठी हाये?"

"मागून येऊन राह्यली. बोलू नको तू."

गाडी थोडी पुढे गेली असेल. निकिता म्हणाली, "लाइट काहून बंद केली?"

कपिलला आधी कळलंच नाही. खिडकीतलं ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. त्याने तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी हलली नाही.

"डॉक्टर!" तो ओरडला, तोवर तिचं अंग ताठ होऊन थडथड उडायला लागलं होतं. गाडीतल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. "कुशीवरच राहू द्या. डोकं आपटू देऊ नका." कपिलने तिच्या डोक्याखाली दोन्ही हात घातले. अंग सैल पडलं, तरी यवतमाळ येईपर्यंत त्याने ते काढले नाहीत.

तिथे तिला थेट ऑपरेशनला नेलं आणि दार लागलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं ते बाळासाठी. "मुलगी आहे. सोबत बाई कोणी नाही?" नर्सने विचारलं.

"मीच हावो. तिचं कसं हाये?"

"त्या अजून आत आहेत. डॉक्टर सांगतील." बोचक्यातल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिने बाळ गुंडाळलं, कपिलला भिंतीशी बसवलं आणि त्याच्या मांडीवर दिलं.

शेजारी सुनेसाठी थांबलेली एक म्हातारी त्याच्याकडे पाहत होती. "अरे भाऊ, पोरगी मांडीवर, आन तू पाहून कोठी राह्यला? दरवाजा काही पयून नाही चालला."

"हो मावशी," तो म्हणाला आणि दाराकडेच पाहत राहिला. खाली पाहायची त्याला भीती वाटत होती. आत काही बरंवाईट झालं, तर जन्मभर याच तोंडाकडे पाहावं लागणार होतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जीव वाचलाय. झटका परत आलेला नाही. पण तिला अजून दिसत नाहीये. बीपीमुळे होतं असं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत नजर परत येते."

"बहुतेक वेळा?"

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा."

निकिताचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. पावलं ऐकून तिने विचारलं, "आई?"

"मी हावो." त्याने बाळ तिच्या कुशीशी ठेवलं आणि तिचा हात बाळावर नेला.

तिची बोटं हळूहळू फिरली, थांबली. "कोणासारखी हाये?"

इतका वेळ मांडीवर होती, आणि कपिलने तिला पाहिलंच नव्हतं.

"बोलत काहून नाही? काही कमीजास्त हाये का? खरं सांगा."

"नाही नाही. थांब, नीट पाहू दे." त्याने लुगडं सैल केलं आणि वाकला. "केस लय हायेत. कपायावर पन हायेत."

"आन?"

"नाक बसकं हाये. माह्यासारखं."

"अगं माय." तिच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "आन?"

हनुवटीला बारीक खळी होती, ती त्याने सांगितली. एक कान दुमडलेला होता, तो बोटाने सरळ करून सांगितला. पोटावरचा नाळेचा चिमटा, गुडघ्यांवरच्या घड्या, लांब बोटांचे पाय. मग तो थांबला. पुढे काही उरलं नव्हतं.

"आता पुन्हा वरून सांगा," निकिता म्हणाली.

त्याने बाळाच्या छातीवर लुगडं ओढलं आणि केसांपासून सुरुवात केली.