पोट जळतं म्हणजे काय

"पोट जळतं गं बाई, फार जळतं!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा चिमटा अजून चकचकीत होता. मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे, कागद लावून लिहायचा. बांगलादेशातल्या उखियाच्या बाजारात एका सुताराने मला कापलं, कडा घासल्या, आणि अकरा भावंडांसोबत मी टेकडीवरच्या छावणीत आलो. म्यानमारमधून नाफ नदी ओलांडून आलेले रोहिंग्या लोक तिथे बांबू-ताडपत्रीच्या घरांत राहतात. त्यांची तब्येत कशी, मन कसं, हे विचारत ढाक्याची नाझनीन आपा मला छातीशी धरून दारोदार फिरायची. "बारांत हाच शहाणा, वाऱ्यातही कागद सोडत नाही," असं ती म्हणायची. दमट हवेने माझ्या कडा फुगल्या, कौतुकाने मी फुगलो.

माबिया नानी एकटीच राहायची.

"जेवण जातं?"

"नाही."

"झोप?"

"कुठली झोप? पोट जळतं."

आपाने लिहिलं, पित्त. दवाखान्यातून गोळ्या आल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, त्याच गोळ्या. नानी मात्र दोरीवरच्या सुकटीसारखी वाळत चालली.

चौथ्या खेपेला सोबत छावणीतलीच शोमजिदा होती, नुकती कामाला लागलेली.

"नानी, गोळ्या घेतेस ना?" आपाने विचारलं.

"कोंबडीला घालते. तिचं पित्त पार गेलं बघ!"

शोमजिदा खळखळून हसली. मग तिची नजर माझ्यावरच्या कागदाकडे गेली.

"अगं आपा, हे काय लिहिलंस? आमच्यात जिवाच्या माणसाची आठवण आली की पोट जळतं!"

आपाचा चेहरा उतरला. शब्द तिच्याही भाषेतले होते, अर्थ मात्र वेगळा, म्हणूनच ती फसली. तिने भराभर जुने कागद चाळले. छप्पन्न घरांत पित्त! छप्पन्न घरांत कुणी ना कुणासाठी झुरत होतं, आणि ते झुरणं पाठीवर घेऊन मी मुकाट हिंडत होतो.

आता प्रश्न मोबाइलवर भरतात. माझा चिमटा गंजला, शोमजिदा माझ्यावर मिरच्या निवडते. त्याचं वाईट वाटत नाही. मागणं एवढंच आहे, मित्रांनो: कुणाचं दुखणं लिहून घ्याल, तेव्हा त्याच्या बोलीत त्या दुखण्याचा अर्थ काय, ते आधी त्यालाच विचारा.

आपाने त्या दिवशी तेच केलं. मला पालथं ठेवलं, पेनाला टोपण लावलं, आणि नानीच्या चटईवर मांडी घालून बसली.

"कुणासाठी जळतं, नानी?"

नानीने विडा लावला. तोंडात घातला नाही, हातातच धरून बसली.

"नूरुस्सफासाठी. पोरगा माझा. मलेशियाच्या होडीत मीच बसवला त्याला. आठ वर्षं झाली, ना निरोप ना काही. निघताना भात मागत होता गं. मी म्हटलं, होडी सुटेल, तिकडे जाऊन खा."