स्नेहसंमेलनाचा पडदा

मी पडदा बोलतोय. रोह्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहातला, मरून मखमलीचा. मखमल आता नावालाच उरली आहे, आणि सोनेरी झालरीचे धागे एकेका बॅचने आठवण म्हणून नेले.

माझ्या पुढे भाषणं होतात आणि मागे वडापाव. पुढे 'संस्कृतीचं जतन' यावर गळा काढून आलेले सर मागे येऊन आधी विचारतात, "चटणी संपली का रे?" मला दोन्हीकडचं ऐकू येतं, म्हणून कुणाचं फारसं कौतुक वाटत नाही.

यंदा स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य ठरलं. तपासणी समिती येणार होती ना! नाच बसवला आवडी नावाच्या मुलीने. ती दुसऱ्या वर्षाला, डोंगराकडच्या कातकरी वाडीवरची. वाडीतल्या लग्नांत आईमागे नाचून शिकलेला नाच तिने वरसे, अष्टमी अशा रोह्यालगतच्या भागांतल्या, बिल्डिंगींत राहणाऱ्या मुलींना महिनाभर शिकवला. स्वतः मधोमध नाचणार म्हणून आईला, गिरजाबाईला, मजुरी बुडवून यायला सांगितलं.

मग पेणहून भाड्याचे ड्रेस आले. पानांचे घागरे, डोक्याला पिसं आणि तोंडाला फासायला चॉकलेटी रंग.

"मॅडम, आमच्याकडं लग्नात कोन पिसं लावत नाय. साडीच नेसतात," आवडी म्हणाली.

"अगं, साडीत आदिवासी वाटत नाही," सांस्कृतिक विभागाच्या शिल्पा मॅडम म्हणाल्या. "आणि ड्रेस एक कमी आलाय. तू असं कर, पडद्याची दोरी धर."

माझी दोरी अडकवायची खुंटी मोडली आहे. मला वर ठेवायचं तर कुणीतरी दोरी धरून उभंच राहावं लागतं. हेही महत्त्वाचं काम आहे हो, असं मॅडमनी समजावलं.

नाच सुरू झाला. आवडी विंगेत दोरी धरून उभी होती आणि तिचे पाय जागच्या जागी ठेका धरत होते. शेवटच्या रांगेत गिरजाबाई मान उंच करून त्या रंगवलेल्या तोंडांत आपली पोर शोधत होती. मला संताप आला.

टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे भारावून मंचावर चढले. रोहिणी नावाच्या एका पिसंवाल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाळ, कुठली वाडी तुमची?"

"वाडी नाही सर. वरसे. बी विंग."

मॅडम धावत विंगेत आल्या. "आवडी, चल पुढे! फोटोत मधे उभी राहा, समितीला दाखवायचाय."

"दोरी धरलीय, मॅडम."

"सोड गं ती दोरी!"

आवडीने सोडली.

मी धाडकन खाली आलो. पाहुणे, पिसं आणि मॅडम सगळे माझ्या मागे गेले, फोटोग्राफरसमोर मी एकटा उरलो. असं मनापासून मी याआधी कधी पडलो नव्हतो.

पडदाच जुना झालाय, असं मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. आता मी स्टोअररूममध्ये मोडक्या बाकांवर पडून आहे. नवा पडदा खुशाल आणा. पण पुढच्या वर्षी त्या पोरीला तिच्या साडीत नाचू द्या, एवढं माझं ऐका.

कारण त्या दिवशी आवडी बाजूच्या पायऱ्या उतरून आईजवळ गेली, तेव्हा गिरजाबाईने विचारलेलं मला अजून ऐकू येतं.

"तुजा नाच कवा हाय गो?"

"झाला, आये."