बाजारवालीचा हात

चौकातला बाजारवालीचा पितळी पुतळा बेनिन शहरातल्या एखातोर नावाच्या ओताऱ्याने ओतलेला. हात मात्र त्याने आपल्या वारलेल्या लेकीचा, इसोकेनचा, आठवून घडवला होता. दिवसाची पहिली विक्री, भवानी, चांगली व्हावी म्हणून बाजारातल्या बायका रोज त्या तळव्याला शिवायच्या.

आज भंगारवाल्याने एखातोरच्या भट्टीपुढे पोतं रिकामं केलं, तर नळ-कुलुपांतून तोच हात घरंगळत आला.

"हा कुठं मिळाला रे गाढवा?"

"रस्ता रुंद करतायत, बाबा. पुतळा फोडला परवा. टाका मुशीत, नव्या साहेबांचा पुतळा ओतायचाय ना तुम्हाला?"

एखातोरने हात उचलला. बायकांच्या स्पर्शाने तळवा झिजून लखलखीत झाला होता.

लेक गेली तेव्हा तिचा हात गारठला होता. हा उन्हातून आलेला, चांगला गरम होता.

भट्टी पेटलेलीच होती.